कट्ट्यावरचं विज्ञान: वारंवार विचारले जाणारे आणि वारंवार भांडले जाणारे प्रश्न

नाशिकला आमच्या कॉलनीच्या मैदानाला लागून एक सिमेंटचा कट्टा आहे. संध्याकाळी फिरून झालं की तिथे सहा-सात जण टेकतात: बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक द्राक्षबागायतदार, मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या एक वहिनी, कुणाचा तरी बारावीतला मुलगा आणि मी. मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे कुठलाही वाद पेटला की शेवटी सगळे माझ्याकडे बघतात, "मॅडम, आता तुम्हीच सांगा." तेच प्रश्न, तीच भांडणं, आणि दर सहा महिन्यांनी नवा माणूस येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवलं आहे. नवीन येणाऱ्यांनी आधी हे वाचावं आणि मग भांडावं.

हे वाद कधीच का मिटत नाहीत?

पुष्कळसे मिटतात, पण आपण चुकीच्या हत्याराने मिटवायला जातो. काही वाद मोजून मिटतात, तिथे तोंड चालवण्यापेक्षा काठी, घड्याळ नाहीतर थर्मामीटर आणावा. काही वाद नुसते शब्दांचे असतात. दोघांनाही वस्तुस्थिती तंतोतंत सारखीच माहीत असते, फक्त तिला काय म्हणायचं यावर जुंपलेली असते. आणि काही वाद भरवशाचे: आपल्याला मोजता येत नाही, मग कुणाचं मोजमाप खरं मानायचं? शब्दाचा वाद मोजून मिटवायला गेलं, किंवा मोजायचा वाद आवाज चढवून मिटवायला गेलं, की रात्रीचे नऊ वाजतात आणि घरून फोन येतो.

दुपारी बाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो ना?

नाही. आणि हा शुद्ध मोजायचा वाद आहे, त्यामुळे माझा लाडका.

आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. मुंबई जवळपास ७३ अंशावर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे मुंबईत सूर्य माथ्यावर येईपर्यंत घड्याळात सरासरी १२ वाजून ३९ मिनिटं झालेली असतात. ब्रिटिशांच्या काळातली 'बॉम्बे टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती ती याच हिशेबाने, आणि मुंबईत ती १९५५ पर्यंत रेटली गेली. आमच्या बँकवाल्या काकांना त्यांच्या वडिलांच्या तोंडची 'मुंबई टाइम' आणि 'स्टँडर्ड टाइम' ही भानगड आठवते.

आता 'डोक्यावर' या शब्दाकडे वळू. वर्षातले बहुतेक दिवस मध्यान्हीलाही सूर्य थोडा दक्षिणेकडे कललेला असतो. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली असल्याने वर्षातून दोनच दिवस तो खरोखर माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गुडूप होते. हे शून्य सावलीचे दिवस. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, नाशिकला मेच्या तिसऱ्या आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात. जुलैतला ढगांमुळे सहसा हुकतोच. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. दिल्लीकरांच्या नशिबी यातलं काहीच नाही, तिथे सूर्य माथ्यावर येतच नाही.

बागायतदारांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, हे आम्हाला बागेत दिसतं. मेच्या शेवटी वेलीच्या ओळीची सावली बाजू बदलते." तीस वर्षं शिकवून मला हे कधी दिसलं नव्हतं.

प्लुटोला ग्रहांमधून का काढलं? त्याने काय घोडं मारलं होतं?

त्याने काहीच केलं नाही. तो १९३० साली क्लाइड टॉमबॉ यांनी शोधला तेव्हा जसा होता तसाच आजही आहे. बदलला तो आपला कप्पा. २००५ मध्ये एरिस नावाचा गोळा सापडल्याचं जाहीर झालं. आकाराने तो प्लुटोपेक्षा किंचित लहान, पण वजनाने चांगलाच भारी. मग पंचाईत झाली: एरिसलाही ग्रह म्हणायचं, आणि उद्या असे वीस-पंचवीस निघाले तर त्या सगळ्यांनाही, की 'ग्रह' म्हणजे काय हे एकदा ठरवून टाकायचं? २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान घेतलं. सूर्याभोवती फिरला पाहिजे, स्वतःच्या गुरुत्वाने गोलसर झालेला पाहिजे आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने साफ केलेला पाहिजे, म्हणजे तिथे त्याच्या तोडीचं दुसरं काही उरता कामा नये. तिसऱ्या अटीवर प्लुटो नापास झाला आणि बटुग्रह ठरला.

"विज्ञानात मतदान? ही काय ग्रामपंचायत आहे?" हा वहिनींचा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की मतदान प्लुटोवर नव्हतं, 'ग्रह' या शब्दावर होतं. प्लुटोचा व्यास मतदानाने ठरत नाही. असं पहिल्यांदाच झालं असंही नाही. १८०१ मध्ये सापडलेला सेरेस कित्येक दशकं ग्रह म्हणून मिरवला, मग त्याच्या वाटेवर लघुग्रहांची रांगच सापडली तेव्हा त्याला खाली उतरवलं. २००६ मध्ये बढती मिळून तोही बटुग्रह झाला. त्याच्यासाठी कुणी रडलं नाही, कारण तो कुणाच्या शाळेच्या पुस्तकात नव्हता.

जाता जाता: यामुळे कुंडलीत काही फरक पडेल का, असंही विचारून झालं आहे. पारंपरिक नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू, केतू आहेत. प्लुटो तिथे कधी नव्हताच.

टोमॅटो फळ की भाजी?

बाजारात भाजी, वनस्पतीशास्त्रात फळ. मग वांगं, भेंडी, मिरची, काकडीही फळंच. विषय इथेच संपायला हवा, पण अमेरिकेत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, कारण भाजीवर आयातकर होता आणि फळावर नव्हता. १८९३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून खात नाहीत, तेव्हा करापुरती ती भाजी. वनस्पतीशास्त्रज्ञ चुकले असं न्यायालय म्हणालं नाही. तुमचा शब्द इथल्या कामाचा नाही, इतकंच म्हणालं.

याहून गमतीचं उदाहरण आपल्याच अंगणात आहे. काजूचं बोंड, ज्याची गोव्यात फेणी होते आणि ज्याच्या रसाचे डाग कपड्यावरून जन्मात जात नाहीत, ते शास्त्राच्या हिशेबाने खरं फळच नाही. तो फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे त्याच्या बुडाला लटकणारी ती राखाडी, मूत्रपिंडाच्या आकाराची बी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचंही तसंच: लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला भाग आणि त्यावरचे बारीक पिवळे दाणे ही खरी फळं. कोकणातल्या माणसाला हे सांगून बघा. तो म्हणेल, "बरं, मग बोंडू खाऊ नको, मला दे."

व्हायरस जिवंत असतो का?

पुन्हा शब्दच. पेशीबाहेर तो स्वस्थ पडलेला असतो, मिठासारखे त्याचे स्फटिकही करता येतात. वेंडेल स्टॅनली यांनी १९३५ मध्ये तंबाखूच्या व्हायरसचे केले होते. पेशीत शिरला की त्याच्या पिलावळीला अंत नाही. 'जिवंत'ची व्याख्या तुम्ही सांगा, उत्तर त्यातूनच पडेल.

ज्योतिष हे शास्त्र आहे की नाही?

इथे आपल्या भाषेनेच आपला घात केलाय. मराठीत 'शास्त्र' म्हणजे नियमबद्ध मांडलेलं कुठलंही ज्ञान. भौतिकशास्त्र शास्त्र, पाकशास्त्र शास्त्र, वास्तुशास्त्र शास्त्र, आणि सत्यनारायणाला सव्वा मापाचाच प्रसाद का, तर "शास्त्र असतं ते". ज्योतिषाला नियम आहेत, ग्रंथ आहेत, गणित आहे, मग या अर्थाने त्याला शास्त्र म्हणा, माझं काही जात नाही. पण एका वाक्यात हा अर्थ घेऊन पुढच्या वाक्यात हळूच 'विज्ञान' अशी उडी मारायची, हे चालणार नाही. विज्ञानात एक जादा अट आहे: तुमचं म्हणणं चुकीचं असेल तर ते चुकीचं आहे हे कळायची सोय पाहिजे. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने या अटीवर आयुष्यभर भर दिला. पॉपरच्या निकषालाही अडचणी आहेत, तत्त्वज्ञ त्यावर आजही भांडतात, पण कट्ट्यापुरता तो पुरतो.

आणि ज्योतिषाची अशी चाचणी झालेली आहे, तीही पुण्यात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ती केली. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले, हे लक्षात ठेवा. दोनशे मुलांच्या कुंडल्या घेतल्या: शंभर शाळेत हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. सरमिसळ करून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या दिल्या. काम एवढंच, की कुठली कुंडली हुशार मुलाची आणि कुठली दुसरी ते ओळखायचं. आयुष्यातला एवढा मोठा फरक पत्रिकेत दिसत नसेल तर मग दिसतं तरी काय?

पन्नासेक ज्योतिषांनी तयारी दाखवली, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या तपासल्या, त्यांची १०२ बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर शंभरच्या आसपास आली असती.

बँकवाले काका यावर म्हणतात, "ते ज्योतिषी कच्चे होते." असतीलही. पण मग पक्के कोण ते परीक्षेच्या आधी सांगायला हवं. निकालानंतर कच्चा-पक्का ठरवायचा असेल तर कुणीच कधी नापास होणार नाही. काकांना हे पटलेलं नाही. त्यांच्या धाकट्या मुलीची पत्रिका एका गुरुजींनी अचूक सांगितली होती, आणि त्या एका अनुभवापुढे माझ्या सत्तावीस ज्योतिषांचं काही चालत नाही. मी आता तो विषय काढत नाही.

उत्क्रांतिवाद हा शेवटी एक 'वाद'च ना? सिद्ध कुठे झालाय?

हाही मराठीचाच प्रताप. समाजवाद, साम्यवाद, गांधीवाद यांच्या रांगेत आपण उत्क्रांतिवाद नेऊन बसवला, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की हाही कुणाचा तरी पक्ष आहे, पटला तर घ्या. इंग्रजीत गोंधळ वेगळा आहे. तिथला 'थिअरी' हा शब्द बोलीभाषेत अंदाज या अर्थाने वापरतात, म्हणून तिकडचे लोक "नुसती थिअरी आहे" म्हणतात. आपल्याकडे उलटंच: 'सिद्धांत' म्हटलं की सिद्ध झालं, फाइल बंद. पायथागोरसचा तोही सिद्धांत आणि सापेक्षतेचा तोही सिद्धांत. पहिल्याची सिद्धता एकदा दिली की कायमची. दुसरा रोज परीक्षेला बसतो. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइन्स्टाइनच्या गणिताने ती आधीच दुरुस्त केली नाहीत तर एका दिवसात तुमचा फोन तुम्हाला काही किलोमीटर भलतीकडे दाखवेल. जोपर्यंत फोन बरोबर गल्लीत नेतोय, तोपर्यंत सिद्धांत पास.

उत्क्रांतीही अशीच रोज परीक्षा देते. वहिनींच्या दुकानात अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकची पाकिटं लोक परत करायला येतात ना, तिथेच. औषधाने मरणारे जिवाणू मरतात, तग धरणारे उरतात आणि वाढतात.

माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत?

मराठी प्राकृतातून आली आणि गुजरातीही. गुजराती अजून का आहे, असं कुणी विचारत नाही. आजची माकडं आपले आजोबा नव्हेत, लांबची भावंडं. चिंपांझी सगळ्यात जवळचा: त्याचे आणि आपले पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले.

गणित हे विज्ञान आहे का?

बारावीतल्या मुलाच्या हॉल तिकिटावर गणित 'सायन्स'मध्ये येतं, म्हणून त्याच्या लेखी प्रश्न मिटला. माझं उत्तर: नाही, आणि यात गणिताचा अपमान नाही.

आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर नावाचे मास्तर होते. जन्म १९०५, डहाणूचे. आकड्यांचा नाद, त्यापायी लोकांच्या टवाळीचेही धनी झाले. त्यांनी दाखवलं: सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. समजा ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ७६४१ वजा १४६७ केलं की पुन्हा ६१७४. आता बाहेर पडता येत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या या ६१७४ च्या विहिरीत पडते.

मी कट्ट्यावर हे करून दाखवलं तेव्हा प्रत्येकाने आपापली संख्या घेतली. बागायतदारांनी ट्रॅक्टरचा नंबर घेतला, तोही पडला. काका म्हणाले, "सहा जणांनी करून बघितलं, म्हणजे सिद्ध झालं." विज्ञानात याला भक्कम पुरावा म्हणता येईल, गणितात शून्य किंमत. चार अंकी संख्या मोजक्याच, त्यामुळे सगळ्या तपासून इथे सिद्धता पुरी करता येते. पण जिथे संख्या अनंत, तिथे काय? पोल्या या गणितज्ञाचं अनुमान १९१९ चं, मूळ अवयवांच्या सम-विषम संख्येबद्दलचं. ते लहान संख्यांना लागोपाठ खरं ठरत जातं आणि ९०,६१,५०,२५७ या संख्येला पहिल्यांदा आपटतं. नव्वद कोटी वेळा हो म्हणून मग नाही. प्रयोगशाळेत इतक्या वेळा एखादी गोष्ट खरी ठरली असती तर आम्ही तिला नियम म्हणून पुस्तकात छापून मोकळे झालो असतो.

गणिताला नोबेल का नाही? नोबेलची बायको एका गणितज्ञाच्या प्रेमात पडली म्हणून त्याने गणिताला वगळलं, ही गोष्ट खरी आहे का?

आल्फ्रेड नोबेलने लग्नच केलं नव्हतं.

भौतिकशास्त्र सगळ्यात वरचं, बाकीचे विषय त्याचेच तुकडे. बरोबर?

हे ऐकायला मला आवडतं, म्हणूनच मी यावर विश्वास ठेवत नाही. अर्नेस्ट रदरफर्ड म्हणे म्हणायचे, भौतिकशास्त्र सोडून बाकी सगळं विज्ञान म्हणजे पोस्टाची तिकिटं गोळा करणं. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं! दुसऱ्या बाजूने वेंकी रामकृष्णन: बडोद्यात भौतिकशास्त्राची पदवी, भौतिकशास्त्रातच डॉक्टरेट, मग जीवशास्त्राकडे वळले, पेशीतल्या रायबोसोमची रचना शोधली आणि २००९ चं नोबेल घेतलं रसायनशास्त्राचं. विषयांच्या भिंती विद्यापीठाने खोल्या वाटायला घातल्यात. निसर्गाला टाइमटेबल नाही.

'सगळं शेवटी अणूच' हे खरं आहे. पण द्राक्षावर डाउनी हा रोग का आला हे अणूंच्या समीकरणातून काढायला बसलात तर तोवर बाग जाईल.

मानसशास्त्र, अर्थशास्त्र ही खरी विज्ञानं नाहीत, ते आर्ट्सवाल्यांचं.

दहावीनंतरच्या शाखांनी आपल्या डोक्याची केलेली वाट लावणी म्हणजे हे वाक्य. विषय कुठल्या शाखेत शिकवतात यावर काहीच ठरत नाही. बघायचं ते हे, की चूक पकडायची सोय आहे का आणि ती लोक वापरतात का.

मानसशास्त्रात ती वापरली आणि निकाल झोंबणारा आला. २०१५ मध्ये शंभर गाजलेले-न गाजलेले अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा चाळीसपेक्षा कमी अभ्यासांत तोच निकाल मिळाला. काका याला मानसशास्त्राचा पराभव म्हणतात. मला उलट वाटतं: स्वतःचीच झडती घेऊन निकाल चव्हाट्यावर मांडायला छाती लागते. ज्योतिषांनी असं कधी केलं?

अर्थशास्त्रात माणसांवर प्रयोग करता येत नाहीत, असंही म्हणतात. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांमध्ये 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' येऊन मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवायच्या. या उपक्रमाचा अभ्यास करताना काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला, आणि कुणाला काय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. औषधाची चाचणी करतात तसंच. ज्यांना मदत मिळाली त्या मुलांची प्रगती जास्त झाली. यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. २०१९ चा अर्थशास्त्राचा पुरस्कार अशाच पद्धतीच्या कामासाठी मिळाला. तो पुरस्कार मूळचा नोबेल नव्हे, स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ मध्ये सुरू केलेला, हे मान्य. पण तेवढ्यावरून प्रयोग खोटा ठरत नाही.

महागाई पुढच्या वर्षी किती, हे मात्र त्यांना विचारू नका. पाऊस किती हे हवामानवाल्यांना तरी कुठे नेमकं सांगता येतं?

शून्याचा शोध भारताने लावला. यावर तरी वाद नको.

वाद नको, पण प्रश्न तीन आहेत. रिकामी जागा दाखवायची खूण बॅबिलोनियातही होती, मायांकडेही. दशमान स्थानमूल्यातलं शून्य आपल्याकडे ग्वाल्हेरच्या शिलालेखात ८७६ साली स्वच्छ कोरलेलं दिसतं, कंबोडियातल्या एका लेखात त्याहून आधी, ६८३ मध्ये. आणि शून्य ही स्वतःच एक संख्या आहे, तिची बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिले. ही तिसरी उडी सगळ्यात लांब. तीत त्याने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असंही लिहिलं, आणि ते आज आपण मानत नाही.

जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांच्या लेखात यज्ञातल्या दानाचे मोठमोठे आकडे आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे. ट्रेकला गेलात तर गुहेत डोकवा. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. शून्य नाही, कारण त्या पद्धतीला त्याची गरजच नव्हती.

गरम पाणी थंड पाण्यापेक्षा लवकर गोठतं, हे खरं का?

१९६३ मध्ये टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाने आइस्क्रीमचं गरम दूध तसंच फ्रीझरमध्ये ठेवलं आणि ते इतरांच्या गार दुधाआधी गोठलं. सर हसले, वर्ग हसला. पुढे शाळेत आलेल्या डेनिस ऑसबोर्न या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला त्याने तेच विचारलं. ऑसबोर्न हसला नाही, त्याने परत जाऊन करून बघितलं आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख छापला. पुढच्या काळातल्या काळजीपूर्वक प्रयोगांत काहींना हा परिणाम मिळाला, काहींना नाही. थर्मामीटर किती खोलीवर धरला एवढ्यानेही निकाल उलटतो.

मी घरी दोन स्टीलच्या वाट्या घेऊन केलं. एकदा गरम जिंकलं, तीनदा गार. चौथ्या दिवशी सूनबाईने विचारलं, "आई, मटार कुठे ठेवू?" प्रयोग तिथे थांबला. गरम वाटीखालचा बर्फ वितळून ती खाली चिकटून बसायची, हे मला शेवटच्या दिवशी दिसलं. म्हणजे तोवर मी पाण्याची नाही, फ्रीझरच्या तळाची परीक्षा घेत होते.

काच खरं म्हणजे द्रव असते ना? जुन्या चर्चमधल्या काचा खाली जाड झाल्यात.

नाही. त्या काळी काच फुगवून, गरगर फिरवून तिची चकती करत, म्हणून तुकडे जाड-पातळ यायचे आणि जाड बाजू बहुधा खाली बसवायचे. घट्ट दिसूनही वाहणारा पदार्थ बघायचा असेल तर डांबर बघा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ मध्ये नरसाळ्यात भरून ठेवलेल्या डांबराचे २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले.

मोठमोठे शास्त्रज्ञच आपसात भांडतात, मग आम्ही कुणाचं ऐकायचं?

नारळीकरांचंच घ्या. केंब्रिजमध्ये ते फ्रेड हॉयल यांचे विद्यार्थी. विश्वाला सुरुवात नाही, ते कायम असंच आहे, हा हॉयल यांचा पक्ष. विश्वाला सुरुवात आहे म्हणणाऱ्या विरुद्ध पक्षाला 'बिग बँग', म्हणजे महास्फोट, हे नाव १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना हॉयल यांनीच दिलं. १९६४ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशातून सगळीकडून सारखीच येणारी सूक्ष्म लहरींची कुजबुज ऐकू आली. आधी त्यांनी अँटेनातली कबुतरांची विष्ठाही साफ करून पाहिली. ती सुरुवातीच्या तप्त विश्वाची उरलेली ऊब मानली गेली आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे गेले. नारळीकर गेले नाहीत. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा हा माणूस २०२५ मध्ये जाईपर्यंत महास्फोटाबद्दल शंका घेत राहिला.

आता हेच नारळीकर ज्योतिषाच्या चाचणीत बहुमताच्या बाजूने आणि विश्वाच्या उत्पत्तीत अल्पमतात. काका विचारतात, मग त्यांचं ऐकायचं की नाही? मी म्हणते, दोन्हीकडे त्यांनी आपला हिशेब कागदावर मांडला, म्हणून ऐकायचं. आणि पटवून घ्यायचं की नाही ते त्या हिशेबावरून ठरवायचं, नावावरून नाही. एरवी मी स्वतः महास्फोटवाली आहे.

आधी कोंबडी की आधी अंडं?

अंडं. कोंबड्या यायच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून सरडेमंडळी अंडी घालत होती. "पण कोंबडीचं अंडं?" मग कोंबडीचं अंडं म्हणजे कोंबडीने घातलेलं की ज्यातून कोंबडी निघते ते, हे आधी ठरवा. हा प्रश्न आठच्या पुढे कुणी काढला तर मी उठून जाते.

पुढचा मोजायचा कार्यक्रम कधी?

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, कट्ट्याशेजारच्या झेंड्याच्या खांबापाशी. दुपारी सव्वाबाराला या, साडेबाराच्या सुमारास सावली जाईल. काकांनी घड्याळ आणायचं आहे, बागायतदार ओळंबा आणणार आहेत, कारण खांब सरळ आहे की नाही यावरच मागच्या वर्षी भांडण झालं होतं. टोपी आपापली.